सभापतींना न्यायचं आहे

९ नोव्हेंबर

पिशवी आली. सभापतींनी ती पाहिली, हुंगली, आणि ती ज्या खोक्यातून आली त्या खोक्यात जाऊन बसले!

पिशवी उत्तम आहे. दोन्ही बाजूंना जाळी, आत मऊ गादी, वर औषधाचा कप्पा. विमानात सीटखाली बरोबर मावते म्हणे. लेकीने निवडून पाठवली. खोकं साधं पुठ्ठ्याचं. मी पिशवीकडे हात करून म्हणालो, "महाराज, आपला मुक्काम इथे!" त्यांनी डोळे मिटले.

माझी सगळी भाषणं त्यांनी अशीच ऐकली आहेत. म्हणून तर नाव सभापती. मी घरात तालीम करतो, ते समोरच्या खुर्चीत बसतात आणि मी दुसऱ्या मुद्द्यावर येईपर्यंत घोरायला लागतात. ही मात्र त्यांना बोकाच म्हणते. "तुमच्या घरात बाकी सगळ्यांना पदं आहेत," म्हणते, "मला कुठलंय?"

आमच्या दोघांचे व्हिसा ऑक्टोबरात एकदमच आले. लेकीला तिकडे नवी नोकरी लागली, पाच वर्षांच्या नातीपाशी घरात कुणीतरी हवं. ही लगेच गेली. मला म्हणाली, "तुम्हीही आठवडाभरात निघा."

"आणि सभापती?"

"समोरच्या वहिनींकडे ठेवा."

"जिवंत प्राणी आहे तो, कुंडी नाही!" — आवाज चढला. जिन्यात वहिनींचं दार किलकिलं झालं, ते मी पाहिलं. मग अजून थोडा चढवला.

"बरं, मग घेऊन या," ही म्हणाली आणि साड्यांच्या घड्या घालत राहिली. वाद जिंकला. जिंकल्यावर कळलं की आता मांजर घेऊन परदेशी जायचं आहे!

मी! छापखान्याच्या फाटकापासून कॉलेजच्या सभागृहापर्यंत ज्याने सगळ्यांना ठणकावलं — शिकता इथे, आणि पंख फुटले की उडता? परवा आमच्या कामगार संघटनेने माझा निरोप समारंभ केला. तिथेही याच विषयावर बोललो. स्वतःच्याच निरोप समारंभात! काय टाळ्या पडल्या. एकालाही काही खटकलं नाही. मलासुद्धा घरी येऊन चप्पल काढेपर्यंत नाही.

१४ नोव्हेंबर

सभापतींना घेऊन दवाखान्यात. डॉक्टरीणबाई तरुण, हसऱ्या. म्हणाल्या, "परदेशी न्यायचाय ना? मग आधी चिप बसवू. तांदळाच्या दाण्याएवढी असते, मानेच्या कातडीखाली. यंत्र फिरवलं की नंबर दिसतो."

नंबर! माझ्या अंगातच आलं.

"बाई," मी म्हणालो, "आज मांजराला नंबर, उद्या मांजराच्या मालकाला! सत्तेला आधी मोजायचं असतं, मग बांधायचं असतं, मग—" इथे तिसरं क्रियापद सुचलं नाही, पण हात वर गेला होता म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. बाकावर एक गृहस्थ कोंबडी मांडीवर घेऊन बसले होते. ते म्हणाले, "साहेबांचं बरोबर आहे." एवढं पुरतं मला. आणखी पंधरा मिनिटं बोललो. कुत्रेसुद्धा गप्प झाले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बरं काका, मग नुसती लस टोचू? पण प्रवासासाठी म्हणाल तर—"

"प्रवासाचं मी बघतो!"

टोचली. सभापतींना कळलंही नाही. भाषण चालू असल्यामुळे ते केव्हाच झोपले होते.

२ डिसेंबर

लेकीचा फोन. "बाबा, चिपचा नंबर कळवा."

"चिप बसवली नाही. तत्त्वाचा प्रश्न होता."

मग — "आणि लस?"

"लस झाली! केव्हाच!"

"बाबा, चिप नसताना टोचलेली लस धरत नाहीत. कुठल्या मांजराला टोचली, कशावरून? आधी चिप, मग लस. सूचनांच्या पहिल्याच ओळीत आहे. ठळक अक्षरांत. तुम्ही वाचलं नाहीत?"

घरात तीन कपाटं पुस्तकं. जगातल्या चार क्रांत्यांची कारणं मी झोपेतून उठवलं तरी सांगेन. मांजर माणसाच्या घरात कधी शिरलं यावर दोन जाडजूड ग्रंथ गेल्या महिन्यात वाचून काढले, समासात शेरेही लिहिले. ते दोन पानी सूचनापत्रक तेवढं वाचलं नाही! आणि आयुष्य गेलं छापखान्यात. ठळक अक्षरं कशासाठी असतात हे नव्या पोरांना मीच शिकवायचो.

आता चिप, मग पुन्हा लस, मग महिन्याने लस लागू पडली का ते रक्तातून तपासायचं, आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबायचं. तिथला नियम. लेक म्हणाली, "म्हणजे एप्रिल उजाडला."

मग हिने फोन घेतला. "एप्रिल?"

"नाइलाज आहे. तत्त्व म्हणून मी—"

"तुमच्या तत्त्वाला सांगा, इथे बायको वाट बघतेय."

५ डिसेंबर

चिप बसवली. मान मीच धरली. तोंडातून अवाक्षर काढलं नाही. डॉक्टरीणबाई काळजीत पडल्या. "काका, आज बरं नाही का?"

९ डिसेंबर

लस आज झाली, नियमाने. आणि नवीन संकट — वजन! विमानात आपल्याजवळ ठेवायचं तर मांजर आणि पिशवी मिळून आठ किलो. सभापती एकटेच साडेसात. वर गेलं तर खाली सामानाच्या कप्प्यात.

सामान! नऊ वर्षं माझ्या शेजारी बसून ज्याने राज्यघटना, बोनस आणि शिक्षणाचं खासगीकरण यांवरची मतं ऐकली, तो सामान! बोललो थोडा वेळ. तोंडावर कापड बांधलेल्या कंपाउंडरने मापाची वाटी हातात दिली. सकाळी एक, संध्याकाळी एक. मधे काही नाही.

२० डिसेंबर

वजन वाढलं.

कसं? मोजून घालतो आहे. समोरच्या वहिनींकडे चौकशीला गेलो तर त्यांच्या ओट्यापाशी सभापती! समोर ताटली!

"अहो, रोज दुपारी येतो," वहिनी म्हणाल्या. "आम्ही पाहुणे म्हणतो त्याला."

म्हणजे दुसरं घर, दुसरं नाव! मी शिस्तीवर बोललो. संघटनेत एकाने शिस्त मोडली तर सगळ्यांना कसं भोगावं लागतं तेही सांगितलं. वहिनींनी कणीक मळत सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आजपासून बंद करते, काका. पण तुमच्याकडचंही जरा बघा. काल खिडकीतून दिसलं. एका वेळेला वाटी दोनदा भरलीत."

२१ डिसेंबर

हो. भरली. त्याआधीही भरली होती.

काल वहिनींना म्हणालो, चष्मा नव्हता. चष्मा होता.

जाड मांजर विमानात चढत नाही, आणि मांजर चढत नाही तर मीही चढत नाही. इतकं सोपं आहे. कुठल्या तोंडाने सांगू कुणाला! तिकडे गेल्यावर मी कोण? नातीचा हात धरून बागेत जाणारा म्हातारा. दुकानात बोटाने वस्तू दाखवणारा. रस्त्यात कुणी धक्का मारला तर भांडताही येणार नाही — भांडायला शब्द लागतात! नुसता तळहात दाखवून मी हजार माणसं शांत केली आहेत. आणि तिथे औषधाच्या दुकानात माझं पोट दुखतंय की डोकं, हे पाच वर्षांची नात समजावून सांगणार.

त्यापेक्षा सभापतींना एक चमचा जास्त घालणं बरं वाटलं. शूर माणूस! पोलिसांच्या गाडीसमोर आडवा झालेला! मांजराच्या पोटाआड लपला.

१ जानेवारी

संकल्प : मी कमी बोलायचं, सभापतींनी कमी खायचं. दोघांचाही दुपारी मोडला.

११ जानेवारी

रक्त द्यायला लांबच्या प्रयोगशाळेत जायचं होतं. टॅक्सी केली. सभापतींना पिशवीत कोंबताना माझे दोन्ही हात ओरबाडले गेले. गाडी सुरू झाली आणि त्यांनी असा गळा काढला की चौकातली माणसं वाकून बघायला लागली, मी कुणाला पळवून नेतोय का ते.

मग सुचलं. मी पिशवी मांडीवर घेतली, जाळीशी तोंड नेलं आणि सुरू केलं — "मित्रहो! आठ तासांचा दिवस आपल्याला कुणी दान केलेला नाही!" ओरडणं थांबलं. तिसऱ्या वाक्याला घोरणं सुरू.

टॅक्सीवाला आरशातून बघत होता. म्हणाला, "काका, आठ तास कुणाचे? मी तेरा तास चालवतो."

"मग संघटना करा!"

"केली होती. अध्यक्षाने स्वतःच्या तीन गाड्या घेतल्या."

"म्हणून चळवळ सोडायची?"

"मी कुठे सोडली? तोच सोडून गेला. तुमचं चालू द्या, बरं वाटतंय. पण जरा हळू. मांजर झोपलं, आता माझेही डोळे जड व्हायला लागलेत."

परतताना दवाखान्यात डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं तर त्या हसून हसून टेबलाला धरून उभ्या राहिल्या. "काका, अहो गुंगीचं औषध देत नाही आम्ही प्रवासात. तुम्ही आहात तेच बरं!" पुढे म्हणाल्या, विमानातही असंच बोलत राहा.

आयुष्यभराची वक्तृत्वकला. उपयोग — गुंगी.

४ फेब्रुवारी

रक्ताचा निकाल आला. पास! आकडा हवा त्याच्या चौपट. शरीरात प्रतिकार ठासून भरलाय म्हणे. मालकावर गेला.

बाजारात संघटनेचा चिटणीस भेटला. "अरेच्चा! तुम्ही अजून इथेच?" निरोपाला त्याने रडत रडत मिठी मारली होती, त्यामुळे त्याला जरा फसवल्यासारखं झालं असावं. म्हणाला, "मग आज संध्याकाळी सभेला या ना, बोला." मी जाऊन बोललो. खुर्च्या अर्ध्या भरल्या होत्या. ज्यांनी निरोप दिला होता ते सगळे मागच्या रांगेत. एका पोराने शेजाऱ्याला विचारलेलं ऐकू आलं, "हे गेले होते ना?"

१२ फेब्रुवारी

फोनवर नात. "आजोबा, सभापती कधी येणार?"

"माझ्याबरोबर, बाळा."

"तुम्ही नंतर आलात तरी चालेल."

मागून ही हसली. बऱ्याच दिवसांनी हसणं ऐकलं.

२२ फेब्रुवारी

ही भाषेच्या वर्गाला जाते! आठवड्यातून दोनदा, ग्रंथालयात. मला आज सांगितलं, जायला लागून महिना झाला. वर्गात हिच्याच वयाची एक शिंपीण आहे, दुसऱ्याच कुठल्या तरी देशातली. दोघी वर्ग सुटल्यावर कॉफी प्यायला जातात.

"कुठल्या भाषेत बोलता?"

"तिथल्याच. जेवढी येते तेवढी."

"म्हणजे किती?"

"गाजर, धन्यवाद, आज थंडी आहे, बस गेली. खरं सांगू? तेवढ्यात दिवस छान निघतो."

मी म्हणालो, तेवढ्यात विचार मांडता येत नाहीत. ही म्हणाली, "मला कुठे मांडायचेत? मला कॉफी प्यायचीय." मग — "पहिला महिना फार वाईट गेला हो. लेक-जावई कामावर, पोरगी शाळेत. घरात इतकं शांत की मला तुमची भाषणं आठवायची. विचार करा!"

मी सभापतींच्या वजनाचं सांगितलं.

८ मार्च

आज हिने 'कधी येताय' विचारलं नाही.

१२ मार्च

आजही नाही.

हिचं असं नसतं. फोन ठेवताना विचारणारच. चिडून, हसून, कधी नुसतं "मग?" एवढंच. मी उत्तरं तयार ठेवायचो. आज एक चांगलं होतं. तसंच राहिलं.

१३ मार्च

मीच फोन केला. "तू विचारलं नाहीस."

"काय?"

"कधी येताय ते."

"थकले विचारून. मी विचारते आणि तुम्ही व्याख्यान देता. मांजराचं रक्त, मांजराचं वजन, मांजराचे हक्क. मला सरळ सांगा. यायचंय तुम्हाला?"

"प्रश्न असा आहे की—"

"बघा! प्रश्न असा आहे! हो की नाही?"

खिडकीत सभापती पंजा चाटत होते. वहिनींच्या घरात कुणीतरी भांडी विसळत होतं. ही तिकडे श्वास घेत होती, तो ऐकू येत होता. आणि मला एकदम या घरात एकट्याने चहा करायचा कंटाळा आला. आज नाही, कधीचाच आलेला. एक कप पाणी मोजायचा कंटाळा.

"हो," म्हणालो.

"ठीक आहे," ही म्हणाली आणि फोन ठेवला.

माझं आजवरचं सर्वांत छोटं भाषण. टाळ्या नाहीत.

१४ मार्च

वाटी मापाची. वेळेला एकदाच. चष्मा लावून.

२९ मार्च

काम चाललंय! पिशवी आता दिवाणखान्याच्या मधोमध उघडी ठेवतो, आत माझा जुना सदरा. सभापती पहिल्यांदा नुसते डोकं घालून आले. आज आत गेले, तीन गिरक्या घेतल्या आणि बसले! मी आनंदाने ओरडलो, ते बाहेर पळाले. चूक माझी. वक्त्याने सभा जमल्यावर ओरडायचं नसतं.

वजन उतरतंय. माझंही. एकट्याने पोटभर जेवणं मनाला परवडत नाही — ते उपाशी बघत बसतात, मी कसा खाऊ?

तिथली भाषा शिकायचं पुस्तक आणलं. पहिला धडा : 'माझं नाव अमुक आहे. मला एक मांजर आहे.' दुसरं वाक्य खरंच आहे पुस्तकात! आरशासमोर पंचवीस वेळा म्हटलं. आवाज फार मोठा लागतो. मांजर आहे हे मी जगाला बजावतोय असं वाटतं. सभापती मात्र या भाषेत झोपत नाहीत. कान टवकारून बघत बसतात.

७ एप्रिल

पिशवीसकट सात किलो आठशे! डॉक्टरीणबाईंनी टाळी दिली. कंपाउंडरने तोंडावरचं कापड काढून पहिल्यांदा हसून दाखवलं.

हिला फोनवर तिच्या नव्या भाषेत म्हटलं, "मला एक मांजर आहे." ही म्हणाली, "उच्चार चुकला. तुम्ही 'मी एक मांजर आहे' म्हणालात." म्हटलं, तेही चालेल.

हसली! अगदी पहिल्यासारखी. म्हणाली, "या आता. शिंपिणीला सांगून ठेवलंय, माझा नवरा फार बोलतो म्हणून. ती म्हणाली, आण, तिचाही बोलायचा."

२० एप्रिल

पुस्तकांची कपाटं वाचनालयाला दिली. न्यायला आलेल्या ग्रंथपालांसमोर दोन शब्द बोललो. दोनच. त्यांना चुकल्यासारखं झालं.

२६ एप्रिल

सभापतींचे सगळे कागद आज पूर्ण! चिपचा नंबर, दोन लसी (एक तत्त्वाची, एक कामाची), रक्ताचा निकाल, तीन महिन्यांची मुदत भरलेली, सरकारी पशुवैद्याचा तंदुरुस्तीचा दाखला. दाखला दहाच दिवस चालतो, म्हणून तिथूनच तडक तिकिटाच्या कचेरीत गेलो. फाइल टेबलावर ठेवली, नवरीच्या बापासारखी छाती काढून.

तिकीटवाल्याने पान पान बघितलं. "वा! असं तयार मांजर मी पाहिलं नाही. आता तुमचा पासपोर्ट द्या."

दिला. त्याने उघडला. परत उलटा करून बघितला.

"काका, तुमचा व्हिसा संपला."

"शक्य नाही. ऑक्टोबरात झालाय."

"हो, आणि आत जायला मुदत सहा महिन्यांची. अठरा तारखेला संपली."

"पण मांजराचा—"

"मांजराचं सगळं चोख आहे. मांजर जाऊ शकतं."

मी उभा राहिलो. सरहद्दी, शिक्के, माणसाने माणसाला घातलेली कुंपणं — सगळं घशाशी आलं. आयुष्यभर ज्या विषयावर बोललो तो विषय समोर हात जोडून उभा होता! हात वर गेला.

"काका, बोला तुम्ही," तिकीटवाला हळूच म्हणाला, "फक्त जरा बाजूला होऊन. मागे माणसं आहेत."

बाजूला झालो. बोलायला काही राहिलं नाही. सरहद्द कुणी घातली होती? मी चिप नको म्हणालो, मी वाटी दुसऱ्यांदा भरली. पहिल्याच वेळी चिप बसवली असती तर मार्चात दार सताड उघडं होतं.

विचारलं, पुन्हा अर्ज केला तर? म्हणाला, पाच-सहा महिने धरा. हल्ली गर्दी आहे.

२७ एप्रिल

हिला सांगितलं. सरळ. प्रश्न असा आहे, वगैरे काही नाही. माझ्यामुळे झालं, म्हणालो.

ओरडेल वाटलं होतं. ओरडली नाही.

"आणि बोक्याचे कागद?"

"सगळे पूर्ण. दाखला सहा तारखेपर्यंत चालेल."

"हं," म्हणाली. फोन ठेवला.

२८ एप्रिल

फोन नाही. अर्ज नव्याने भरायला घेतला. सूचना पहिल्या ओळीपासून वाचल्या, बोट ठेवून.

३० एप्रिल

हिचा फोन. शनिवारी येतेय! तिकीट काढलंसुद्धा!

"मला न्यायला?" मी विचारलं.

"तुम्हाला कसं नेणार?" ही म्हणाली. "बोक्याला."